सहा इंचांचा आठवडा

"आजचे पाच इंच कोणी मोजले, त्या माणसाला मला एकदा भेटायचंय," तो म्हणाला.

हॅलोरन हिलची, स्कीवाल्यांना तारेवरून डोंगरावर नेणारी, दोनच माणसांची जुनी खुर्ची. मी एकटी बसत होते, तेवढ्यात हा बाजूच्या रांगेतून घसरत आला आणि धपकन शेजारी बसला. "सरका जरा," मी म्हटलं, कारण त्याची एक स्की माझ्या दोन्ही स्कींवर आडवी पडली होती. सरकला, आणि पहिलं वाक्य बोलला ते हे. अंगात पाठीवर पांढरा क्रॉस असलेलं लाल जाकीट, इतकं नवं की घड्या अजून मोडल्या नव्हत्या. म्हणजे सुरक्षा पथकातला. पथकातल्या डेलचं कॉलरबोन मोडल्यापासून त्याच्या जागी कुणीतरी येणार असल्याचं कानावर होतंच.

"कोणते पाच इंच?" मी भोळेपणानं विचारलं.

"सकाळी फोनवर सांगितलेले. मी खालून वर सगळा डोंगर पालथा घातला. साडेतीन आहेत. चार म्हणायचं तर मन फार मोठं करावं लागेल."

आता यात रागावण्यासारखं काय, असं वाटेल कुणाला. पण चार हिवाळे झाले, रोज पहाटे पाचला स्नोमोबाइल काढून डोंगराच्या मध्यावर जायचं, तिथल्या पांढऱ्या पाटीवर रात्रभरात पडलेला बर्फ मोजायचा, पाटी झाडून कोरी करायची आणि खाली येऊन फोनवर आकडा ध्वनिमुद्रित करायचा, हे काम मी करत होते. सगळं खोरं सकाळची कॉफी घेताना तो नंबर लावतं. ज्यांनी दहा वर्षांत स्कीला पाय लावला नाही, तेसुद्धा लावतात. आणि आजवर माझ्या इंचांवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"फोनवर कोण बोलतं, माहीत आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही बुवा. पण आवाजावरून अंदाज येतो. पन्नाशीच्या बाई असाव्यात. मांजरं पाळत असतील."

"किती मांजरं?"

"तीन तरी."

"एकच आहे," मी म्हटलं. "असं ऐकलंय."

"आणि चष्मा जाड असणार."

"चष्मा नाहीच. घोटाळा तिथेच होत असेल."

तो हसला, पण समोर बघत. तेवढ्यात खुर्ची थांबली. खाली कुणाचं तरी पोरगं चढताना पडलं असणार, कारण डॉटीचा आवाज वरपर्यंत येत होता. डॉटी म्हणजे खालची खुर्ची सांभाळणारी आमची अडुसष्ट वर्षांची तोफ. आम्ही दोघं चाळीस फूट उंचावर लोंबकळत राहिलो. मार्चमधला मऊ, आळसावलेला बर्फ पडत होता, एकेक पाकळी सुटल्यासारखा. त्यानं खिशातून कागदात गुंडाळलेला सँडविच काढला, मधोमध तोडला आणि मोठा तुकडा माझ्यापुढे धरला. आत लालभडक सॉसेज होतं.

"आजीनं केलंय. आम्ही आयडाहोचे बास्क. पणजोबा स्पेनहून मेंढ्या राखायला आले ते तिथेच राहिले. घ्या, तिखट आहे, थंडीवर बरं."

तिखट होतंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो अगदी काळजीनं माझ्याकडे बघत राहिला. तपकिरी डोळे, भुवयांवर बर्फ. खुर्ची पुन्हा हलली तेव्हा मला, खरं सांगते, थोडं वाईटच वाटलं.

वर पोचलो. उतरलो. त्यानं गॉगल डोळ्यांवर ओढला आणि म्हणाला, "मग उद्या किती मोजणार आहात, टिल्डा?"

मी उभी राहिले ती राहिलेच.

"आठ दिवस झाले, रोज पहाटे तुमचा आवाज ऐकून उठतोय. 'सरका जरा' म्हणालात, तिथेच ओळखलं."

"आणि पन्नाशी? मांजरं?"

"ते तुम्हाला बोलतं करायला." आणि गेला की उतारावरून खाली. मागून मी ओरडले, "पाटीवर पाच होते. पाटीवर या आणि बघा."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो गॅरेजच्या दाराशी उभा. हातात कॉफीचा थर्मास.

"बघायला आलोय," तो म्हणाला.

त्याचं नाव मिकेल एचेवेरी. वय एकोणतीस, माझ्यापेक्षा दोनानं मोठा. मोजणीला साक्षीदार हवा, असं निमित्त त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्नोमोबाइलचा आवाज बरा वाटत नाही, हे निमित्त. तिसऱ्या दिवसापासून निमित्त सांगायचं त्यानं सोडलं आणि मी विचारायचं. अंधार जरा पातळ झालेला असायचा, देवदारांच्या फांद्यांवरून बर्फाचा भुगा सांडत असायचा, मी पाटीपाशी गुडघ्यावर बसून पट्टी धरायची आणि तो वरून टॉर्च. आकड्यावरून रोज वाद.

"सव्वातीन."

"तीन. तू पट्टी तिरकी धरतेस."

"तू टॉर्च तिरकी धरतोस."

"मी तिरका उभा आहे. तू पाटीची सगळी जागा अडवलीस तर मी काय करू?"

त्याच आठवड्यात कधीतरी त्यानं सहज सांगून टाकलं. मोसम संपून डोंगर बंद झाला की दुसऱ्या दिवशी तो ॲरिझोनाला निघणार. जंगलातल्या वणव्यांशी झुंजणारी तुकडी, दर उन्हाळ्याला तो तिच्यात असतो. नोव्हेंबरपर्यंत तिथे, मग जिथे बर्फ आणि जागा असेल तिथे. मी म्हटलं, "अरे वा, छान." तोंडानं म्हणायला काय जातं.

डोंगर बंद व्हायचा होता एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी.

एप्रिल आला तसा आमच्या डोंगराचा स्वभाव बदलला. पहाटे सगळं काचेसारखं टणक, पाय ठेवला की खळकन आवाज. दहाच्या सुमाराला ऊन लागून वरचा थर दाणेदार मोकळा व्हायचा आणि मग दोन तास असं घसरायला मिळायचं की बस. एक वाजला की सगळा चिखल. दुपारी लोक पायऱ्यांवर बसून उन्हात राजम्याची तिखट चिली खायचे आणि बूट उलटे करून पाणी काढायचे. खालच्या उतारावर तपकिरी गवताची ठिगळं दिसायला लागली. मी फोनवर सांगायची, "वर उत्तम, मध्ये बरा, खाली ज्याचं त्यानं पाहावं." हार्लन, आमचा व्यवस्थापक, म्हणायचा की मी फार खरं बोलते. पण त्याचं तोंड तेव्हा हसरं असायचं. हॅलोरन हिल गावाचा डोंगर आहे. गावाला थापा मारून कसं चालेल.

आणि मी स्वतः दिवसातून बारा वेळा हवामानाचा अंदाज बघायला लागले. एरवी एकदा पुरे व्हायचं. कुठे समुद्रावरून थंड हवा निघाली की माझं काळीज नाचायला लागे, आणि ती उत्तरेला कॅनडात वळली की माझं जेवण जात नसे. डॉटीनं एकदा माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावून पाहिलं.

"काय गं पोरी, अजून बर्फ हवाय तुला? पाच महिने झाले, पोट भरलं नाही?"

"डोंगरासाठी चांगलं असतं."

"डोंगर माझ्या ओळखीचा आहे. त्यानं असलं काही मागितलेलं नाही. लाल जाकिटवाल्यानं मागितलंय का?"

"डॉटी, तुझी खुर्ची रिकामी चाललीये."

"चालू दे. मी सगळं बघते बरं का."

आमच्याकडे सहा इंचांचा नियम आहे. डोंगर ज्यांनी सुरू केला त्या म्हाताऱ्यांनी घालून दिलेला. शेवटच्या आठवड्यात कुठल्याही एका दिवसात सहा इंच नवा बर्फ पडला, तर डोंगर आणखी एक आठवडा चालू. साडेपाच पडला तर नाही. बाकी कुठे असं नसेल, पण इथे विश्वस्तांना त्यावर मतदानसुद्धा करावं लागत नाही. आकडा सांगायचा मी, आणि निकाल द्यायचा डोंगरानं.

शेवटचा सोमवार. रात्री चार इंच पडले होते. अंदाज होता की आणखी येईल, थोडा थोडा, मंगळवार पहाटेपर्यंत. मी पट्टी धरली, त्यानं टॉर्च धरली, आणि पहिल्यांदाच वाद झाला नाही.

"चार," मी म्हटलं.

"चार," तो म्हणाला.

पाटी झाडायचा ब्रश त्याच्या हातात होता. ते काम त्यानं केव्हाच स्वतःकडे घेतलं होतं. मी उभी राहिले. बर्फ पडतच होता, आवाज न करता. त्याचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे होतं.

"हलू नकोस," तो म्हणाला. "पापणीवर बर्फ आहे."

"मग वितळेल की."

"नाही वितळत. बराच वेळ झाला, मी बघतोय."

त्यानं दातांनी हातमोजा काढला आणि एका बोटानं, अगदी हळू… मी डोळे मिटले. त्याचा श्वास गालाला लागला, कॉफीचा वास, थंडीचा वास. एखाद्या इंचाचं अंतर राहिलं होतं — अंदाजानं सांगते, मोजलं नाही — आणि कमरेचा वॉकीटॉकी खरखरला.

"टिल्डा, झोपलीस का तिथे? आकडा दे. लोक फोन लावतायत आणि कालचंच ऐकतायत." हार्लन.

आम्ही दोघं एकदम दोन दिशांना वळलो. मी स्नोमोबाइलवर, तो मागे. माझे कान एवढे तापले होते की टोपी काढावीशी वाटत होती.

मंगळवारी पहाटे मिकेल वरच्या कड्यावर गेला होता, पथकाचं काम होतं. मी एकटीच पाटीपाशी गेले. पट्टी बर्फात घातली आणि टॉर्च जवळ नेली. सहा. नीट बघितलं. सहा आणि वर केसभर. मी पट्टी काढून पुसली आणि पुन्हा घातली. सहा.

हार्लननं लॉजची घंटा वाजवली. ती वर्षातून दोनदा वाजते. डॉटीनं मला मिठी मारली आणि मी, त्या आनंदात, तिला उचलायला निघाले. फोनवर मी जे बोलले ते नंतर लोकांनी मला नकला करून दाखवलं. "सहा इंच, मंडळी! सहा!" माझ्यासारखी शहाणी बाई.

दुपारी बाराच्या सुमाराला मी मध्यावर गेले होते, कुंपणाचे खांब काढायला. जाता जाता पाटीकडे बघितलं. पहाटे मोजल्यावर मी अर्धीच झाडली होती, आनंदात कुणाला धीर. उरलेल्या अर्ध्या भागाची कड उन्हात उघडी होती. आणि त्या कडेत, खालून साधारण चार इंचांवर, एक चकचकीत रेघ होती. बर्फाचा पातळ पापुद्रा. उन्हानं वितळून पुन्हा गोठल्यावर होतो तसा.

पण ऊन मंगळवारी पहाटे कुठून येणार? ऊन पडलं होतं सोमवारी दुपारी.

सोमवारी आम्ही पाटी झाडलीच नव्हती.

खालचे चार इंच आदल्या दिवसाचे, आधीच सांगून झालेले. नवे फक्त दोन. मी तिथेच बर्फात बसले. चूक प्रामाणिक होती, हे मला माहीत होतं. आता हार्लनला सांगायचं, झालं, पाच मिनिटांचं काम. मी वॉकीटॉकी हातात घेतला. बटणावर अंगठा ठेवला.

एक आठवडा. सात पहाटा, थर्मास, टॉर्च, त्याचा तो तिरका उभा राहण्याचा बहाणा. ती अर्धवट राहिलेली गोष्ट. मी अंगठा काढला. ब्रश घेऊन उरलेली पाटी झाडली, अगदी स्वच्छ, आणि खाली आले. मी आयुष्यात केलेलं सगळ्यात नीटनेटकं पाप असावं ते.

बुधवारी फळ्यावर लागलं, डोंगर आणखी आठवडाभर चालू. लोक वर येत होते आणि विचारत होते, "अगं, सहा इंच गेले कुठे?" हार्लन म्हणत होता, "उन्हानं खाल्ले." सगळ्यांनी मान्यही केलं. माझ्या शब्दावर शंका घ्यायची कुणाला सवयच नव्हती. तेच जास्त टोचत होतं.

डॉटी जेवताना म्हणाली, "मी पुढच्या मंगळवारचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय बरं का."

माझा घास तोंडातच राहिला. "कशाला?"

"कशाला म्हणजे? डोंगर चालू, आणि माझ्या खुर्चीवर कुणी दुसरा बसेल? सहा आठवड्यांनी पुढची तारीख मिळाली. दुखतंय, पण दुखू दे. एवढी वर्षं दुखतंच आहे."

आणि मिकेल. मिकेल मला टाळत होता. बुधवारी पहाटे आला नाही. दुपारी लिफ्टच्या मागे समोरासमोर गाठ पडली तर म्हणाला, "टिल्डा, ती पाटी…"

"काय पाटीचं?" माझा आवाज नको तितका वर गेला.

"काही नाही." त्यानं बूट बर्फात घासला. "पांढरी आहे. चांगली पांढरी आहे."

"हो, रंगवते मी दर वर्षी."

"दिसतंय."

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, याला कळलंय. हा तर बर्फ खणून थर बघणारा माणूस, याचा धंदाच तो. याला कळलंय आणि याच्या मनातून मी उतरले. ज्याच्यासाठी खोटेपणा केला, त्यालाच तोंड दाखवायची चोरी. असला आठवडा घेऊन करायचा काय?

गुरुवारी पहाटे मी एकटीच वर गेले, मोजलं, झाडलं, खाली आले. फोनच्या खोलीत बसले. बटण दाबलं. आवाज बरा लागला.

"मंडळी, मी टिल्डा. आज नवा बर्फ शून्य. वर टणक, दहानंतर छान होईल. आता दुसरं. मंगळवारी मी सहा इंच सांगितले, ते दोन होते. सोमवारचा बर्फ पाटीवरून झाडायचा राहिला होता. ती चूक. पण मंगळवारी दुपारी मला ते कळलं आणि मी गप्प बसले. ती चूक नाही, तो खोटेपणा. का बसले, ते हवामानात बसत नाही, म्हणून सांगत नाही. तेव्हा येता रविवार हाच शेवटचा. डॉटी, दवाखान्याला आठ वाजायच्या आत फोन लाव, तुझी तारीख परत मिळेल. मला माफ करा."

साडेसातला हार्लन आला. टोपी काढून टेबलावर ठेवली.

"तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मी आज काढून टाकलं असतं," तो म्हणाला. "पण दुसऱ्या कुणी सांगितलंच नसतं. तेव्हा माझी पंचाईत झाली आहे."

"काढलंत तरी चालेल."

"मला नाही चालत. पाचला उठणारं दुसरं कोण आहे? पण शिक्षा होणार. रविवारी तळ्यावर पहिली तू."

शेवटच्या दिवशी लॉजसमोर एक लांबलचक खड्डा खणून त्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी भरतात. लोक चित्रविचित्र कपडे घालून वरून वेगानं येतात आणि स्कीवर ते तळं पार करायचा प्रयत्न करतात. निम्मे बुडतात. पहिला मान असतो वर्षातल्या सगळ्यात मोठ्या थापाड्याला, कारण पहिल्याच्या वेळी पाण्यावर अजून बर्फाचे तुकडे तरंगत असतात. गेली सहा वर्षं हा मान गावातल्या ऑर्व्हिलकडे होता. तो म्हणतो की त्यानं अस्वलाला स्की शिकवलं.

डॉटीला तारीख परत मिळाली. माझ्याकडे मात्र ती दोन दिवस नुसती रोखून बघायची. तिसऱ्या दिवशी रानातल्या हकलबेरी फळांच्या गोड पेस्ट्रीचा मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला आणि म्हणाली, "खा. बुडायचंय तुला, अंगात ताकद हवी."

मिकेल शुक्रवारी दिसला नाही, शनिवारी लांबून दिसला. त्याच्या जुन्या ट्रकमध्ये सामान चढलेलं होतं. मी घरी जाऊन मांजराला कुशीत घेतलं आणि पोटभर रडले. तेवढं तरी मी कुणाला मोजून देणं लागत नव्हते.

रविवारी लख्ख ऊन होतं. सगळं खोरं काठावर जमलेलं. कुणी केळं झालं होतं, कुणी गाय. मी साध्याच कपड्यांत वर उभी. हार्लननं कर्ण्यातून जाहीर केलं, "यंदाची पहिली, सहा इंचवाली टिल्डा ओस्टबी." लोक टाळ्या वाजवत होते, हसत होते, शिट्ट्या मारत होते. त्या हसण्यात राग नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटानं नव्हतं.

"थांबा," कुणीतरी म्हणालं.

लाल जाकीट गर्दीतून वर येत होतं. हातात स्की. धापा टाकत त्यानं हार्लनचा कर्णा घेतला.

"मी मिकेल एचेवेरी," तो म्हणाला. कर्णा एकदा किंचाळला. "सोमवारी पाटी झाडायचं काम माझं होतं. ब्रश माझ्या हातात होता. मी… मी टिल्डाकडे बघत होतो, म्हणून विसरलो."

मग ऑर्व्हिल म्हणाला, "बरोबर आहे, मीही विसरलो असतो," आणि त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं.

"आणखी आहे," मिकेल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मंगळवारी सकाळी मी खाली येताना खणून बघितलं. नवा बर्फ दोन इंच होता. मला तिच्या आधी कळलं होतं. मीही गप्प बसलो. ती बोलली, मी नाही बोललो. तेव्हा थापाड्या नंबर एक मी आहे, आणि ती माझ्या मागे."

त्यानं कर्णा परत केला आणि माझ्या शेजारी येऊन स्की चढवायला लागला.

"तू गप्प का बसलास?" मी विचारलं. "तुझं काय अडलं होतं?"

"खाली सांगतो. पोहता येतं ना?"

"कमरेएवढंच पाणी आहे."

"मग हात दे."

आम्ही हातात हात घालून सुटलो. सगळ्यांना माहीत आहे की तसं तळं पार होत नाही. एकाचा वेग दुसऱ्याला ओढतो. पण सोडवेना. निम्म्यापर्यंत तरी गेलो असू, पाण्याचे फवारे दोन्ही बाजूंना, आणि मग माझी डावी स्की बुडाली आणि तो माझ्यावर आला. पाणी एवढं गार होतं की ओरडायलासुद्धा श्वास मिळेना. आम्ही उभे राहिलो. त्याच्या टोपीतून धारा लागल्या होत्या.

"बोल आता," मी म्हटलं. दात वाजत होते.

"ॲरिझोनावाल्यांना मी फोन केला. पंधरा मेनंतर येतो म्हणून सांगितलं. नोव्हेंबरात पुन्हा इथे यायचं आहे, तेही हार्लनला विचारून ठेवलंय."

"केव्हा केलास फोन?"

"सोमवारी. खाली आल्या आल्या."

"म्हणजे सहा इंचांच्या आधी?"

"आधी."

तीन दिवस मी स्वतःला खात होते, गावाशी खोटं बोलले होते, एका आठवड्यासाठी, आणि हा महिनाभर थांबणारच होता. "मग सांगितलं का नाहीस, गाढवा? ट्रकमध्ये सामान कशाला भरलंस?"

"खोली आज सोडायची होती, म्हणून. आणि डोंगर चालू राहिला असता, तर थांबायला कारण होतं. सहज सांगता आलं असतं, काम आहे म्हणून थांबलो. बंद डोंगरावर कशाला थांबलास, असं कुणी विचारलं असतं, तर…"

"कोण विचारणार होतं?"

"तू."

काठावरून हार्लन पुढच्याला थांबवत होता. गाय झालेला माणूस वर उभा राहून कुरकुरत होता. मी मिकेलच्या जाकिटाची ओली कॉलर दोन्ही हातांनी धरली.

"मिकेल," मी म्हटलं, "बंद डोंगरावर कशाला थांबलास?"

त्यानं माझ्या पापणीवरचं पाणी बोटानं पुसलं. या वेळी कुठलाही वॉकीटॉकी खरखरला नाही.

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "तू मला फार आवडतेस, टिल्डा."

"मलाही तू," मी म्हटलं, आणि राहिलेलं अंतर मीच संपवलं.

काठावर लोक काय ओरडत होते ते मला धड ऐकू आलं नाही. डॉटीचं तेवढं ऐकू आलं, की गुडघा तिचा गेलाय पण अक्कल आमची गेलीये, आणि न्यूमोनियाला कुणी जबाबदार राहणार नाही. पाणी खरोखरच भयंकर गार होतं. बाहेर यायची आम्ही काही घाई केली नाही.